चौदा नंबरची काच

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी माझाच त्याच्यावरचा विश्वास उडायला लागला. शिवाय "मला काही झालेलं नाही" असं माणूस दोनदा म्हणाला की ऐकणारा आपोआप आवाज खाली आणतो आणि विचारतो, "कधीपासून?"

सुरुवात झाली शाळेच्या चिठ्ठीनं. आमची मुलगी साडेनऊ वर्षांची आहे आणि तिचा पाय घरात ठरत नाही, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलंय. शनिवारी ती चिठ्ठी नाचवत आली. येत्या गुरुवारी सकाळी सूर्यग्रहण आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि पाल्यांनी ते पालकांच्या देखरेखीखाली, डोळ्यांची योग्य ती काळजी घेऊन पाहावं, असा मजकूर होता. 'देखरेखीखाली'मधली खी ऱ्हस्व पडली होती. मी ती आधी पेननं दीर्घ केली आणि मग सही केली. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणं हे माझं एकवीस वर्षांचं काम. लोकांना वाटतं ते डोळ्यांचं काम आहे. खरं तर ते स्वभावाचं आहे. चूक दिसली की मला अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय घास गिळत नाही.

"बाबा, यानंतर आपल्याकडून असं ग्रहण बेचाळीस वर्षांनी दिसणारे," भिंगरी म्हणाली. "बाईंनी सांगितलं. मी तेव्हा साडेएक्कावन्नची असेन." मग तिनं बोटं मोजली. "तुम्ही एकोणनव्वदचे." मग थोडा विचार करून, कसलाही वाईट हेतू न ठेवता, "म्हणजे बहुतेक नसालच."

स्वयंपाकघरातून बायकोचं हसणं ऐकू आलं. मला हसू आलं नाही. मी त्या दिवशी तीन वेळा बेरीज करून पाहिली आणि तिन्ही वेळा एकोणनव्वदच आले. रात्रीचं जेवण होईपर्यंत मला कळून चुकलं होतं की हे ग्रहण आम्हा दोघांचं पहिलं आणि शेवटचं आहे. "आपण दोघांनी मिळून बघायचं," मी भिंगरीला म्हणालो. "शेजारी उभं राहून. शब्द." तिनं लगेच टाळीसाठी हात पुढे केला. बायको म्हणाली, "शब्द छान दिलात. बघणार कशातून?"

इथून माझी झोप उडाली.

सूर्याकडे बघण्याच्या बाबतीत आमच्या इमारतीत इतके तज्ज्ञ राहतात हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी सगळ्यात आधी तळमजल्यावरचे निवृत्त मोजणीदार वर आले. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि आता वेळ मिळेल तसे ते लोकांचे निर्णय मोजतात. त्यांनी एक मोठा खाकी लिफाफा आणला होता.

"काही विकत आणायचं नाही," ते म्हणाले. "हा माझ्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे. खुशाल यातून बघा."

"पण एक्स-रेमधून किरणं आत येतात म्हणे. ते सुरक्षित नसतं."

"अहो, माझा गुडघा आहे! त्यातून मीच गेली सहा वर्षं पलीकडे जाऊ शकलो नाही, किरणं कुठली जातायत?"

मोजणीदार खाली उतरतात न उतरतात तोच तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आल्या. त्यांचं म्हणणं, बादलीत पाणी घ्यावं आणि त्यात पडलेलं सूर्याचं प्रतिबिंब बघावं. पाण्यातला सूर्यही डोळे जाळतो, हे मी त्यांना सांगितलं. "पाण्यात कसं जळेल हो काही?" असं त्यांनी विचारलं, आणि मी जे उत्तर दिलं ते मलाच नीट समजलं नाही. मग मेहुणा आला. तो कुठल्याही अडचणीवर आकडा वाढवण्याचा उपाय सांगतो. "भाऊजी, एक गॉगल चालत नाही ना? मग तीन लावा. एकावर एक." त्यानं तीन गॉगल आणलेही होते. ते लावून तो आमच्या दिवाणखान्यात उभा राहिला आणि चहाच्या कपाऐवजी फुलदाणीला हात घातला.

मला मात्र नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात आरोग्य खात्यानं ग्रहणाविषयीचं पत्रक आमच्याकडे छापायला दिलं होतं. ते मी स्वतः तपासलं होतं. त्यातली चौथी सूचना मला पाठ होती: वेल्डिंगची चौदा नंबरची काच वापरावी. छापलेल्या शब्दावर माझा विश्वास आहे. विशेषतः तो मी तपासलेला असला तर.

आता काच म्हटल्यावर माणूस कुठे जाईल? मी चष्म्याच्या दुकानात गेलो. हीच ती चूक. पण त्या वेळी ती इतकी शहाणपणाची वाटत होती की मी बायकोलाही विचारलं नाही.

"चौदा नंबरची काच आहे का?" मी विचारलं.

चष्मेवाला काउंटरमागून सावकाश उठला. "चौदा? प्लस की मायनस?"

"साधी. चौदा."

"कोणासाठी?"

"मला आणि मुलीला."

"मुलीला पण चौदा?" त्याचा हात हृदयाशी गेला. "किती वर्षांची आहे हो?"

"साडेनऊ. पण एकच काच पुरेल. आम्ही आळीपाळीनं बघू."

मग त्यानं आतून खुर्ची आणली आणि मला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. इतक्या मोठ्या नंबरचं भिंग त्याच्याकडे नसतं, ते बाहेरून मागवावं लागतं, पण मी धीर सोडू नये, हल्ली पुष्कळ काही करता येतं, असं तो म्हणाला. मला वाटलं, ग्रहणासाठी माणूस किती आपुलकीनं बोलतो! निघताना त्यानं माझं कोपर धरून मला दुकानाच्या पायऱ्या उतरवून दिल्या. "एक... दोन... आता सपाट आहे," असं तो म्हणाला, तेव्हा मला पहिल्यांदा जरा विचित्र वाटलं.

पण आपल्या भाषेत 'नंबर' हा शब्द फार बेभरवशाचा आहे, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. वर्गात नंबर येतो, रांगेत नंबर लागतो, आणि डोळ्यांना नंबर असतो. वेल्डिंगच्या काचेलाही असतो हे फक्त वेल्डरला आणि मला माहीत होतं. चष्मेवाल्याला नव्हतं. आणि चष्मेवाल्याची बायको गाण्याच्या बाईंकडे शिकायला येते.

सोमवारी सकाळी मी कामाला निघालो तर जिन्यात मोजणीदार उभे. त्यांनी माझा हात धरला आणि मला फाटकापर्यंत आणलं. "सवय होते हो," ते म्हणाले. "माणूस जिद्दीचा हवा."

"कसली सवय?"

"तेच. चौदा म्हणजे काही शेवट नाही."

संध्याकाळी गाण्याच्या बाईंनी निरोप पाठवला की रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखवायला त्या तयार आहेत, माझी आवड काय ते कळवावं. मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो, सगळा खुलासा केला, वेल्डिंग म्हणजे काय इथपासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाल्या, "मन रमवायला छंद हवाच. पण या अवस्थेत वेल्डिंग नको."

आता मला काच मिळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काच दाखवली की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. मी तसाच फाटकं-जाळ्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेलो. तो एका खिडकीच्या गजांवर वाकलेला होता.

"चौदाची काच?" मुखवटा वर करून तो म्हणाला. "मी अकरावर काम करतो, भाऊ. चौदा फार मोठ्या कामाला. ग्रहणाला लावणार ना?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन दिवसांत मला समजून घेणारा हा पहिला माणूस. त्यानं खण उचकून कागदात गुंडाळलेली एक काच काढली, तळहाताएवढी, चौकोनी. मी ती डोळ्यांसमोर धरली. दुकान नाही, वेल्डर नाही, दिवा नाही, काहीच नाही.

"मला काही दिसत नाहीये," मी म्हणालो. आवाज जरा कापरा आला.

"मग बरोबर आहे," वेल्डर म्हणाला. "जिच्यातून काही दिसलं, ती काच खोटी. हिच्यातून फक्त सूर्य दिसतो. आणि बघा, बाजूनं उजेड यायला नको. पुठ्ठा लावा."

घरी येऊन मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मध्ये काच बसवली आणि चेहरा पूर्ण झाकेल असा मुखवटा केला. भिंगरी तो लावून घरभर फिरली आणि दोनदा कपाटावर आपटली. ती मुखवटा हातात घेऊन झोपायला निघाली, तेव्हा मी तो काढून घेतला आणि माझ्या ऑफिसच्या पिशवीत ठेवला. पोरीचा भरवसा नाही, ती बुधवारपासूनच खिडकीत उभी राहील, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. काच माझ्याजवळ असली म्हणजे माझ्याशिवाय कोणी ग्रहण बघणार नाही. हे मी कोणाला बोललो नाही.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं.

आमचे साहेब वाईट नाहीत. ते फक्त प्रत्येक गोष्टीचं पत्र करतात. त्यांच्यासमोर ग्रहणाचं पत्रक पडलं होतं, दोन हजार प्रतींपैकी वरची.

"पहिली सूचना वाचा," ते म्हणाले.

आरोग्य खात्यातला कोणी जुन्या वळणाचा माणूस असावा, भाषा जरा ग्रांथिक होती. मी वाचलं: "सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही न पाहावे."

"पुन्हा वाचा."

"कधीही न पाहावे."

"मला 'न' दाखवा."

मी कागद जरा लांब धरला. मग आणखी लांब. 'न' नव्हता. "सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहावे," असं तिथं सुवाच्य अक्षरांत छापलं होतं, आणि सोबत टाचलेल्या तपासणीच्या प्रतीवरही तसंच होतं, खाली माझ्या सहीसकट. एकवीस वर्षांत मी 'श' आणि 'ष'वरून लेखकांशी भांडलो, आणि इथं एका अक्षरानं दोन हजार घरांतल्या लोकांना आंधळं करायला निघालो होतो.

"अजून वाटलेली नाहीत, हे नशीब," साहेब म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्याविषयी कानावर आलंय. चौदा झाला म्हणे."

"साहेब, तो काचेचा नंबर आहे!"

"काचेचाच असतो," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "लपवून काय उपयोग? हे पत्र घ्या. सरकारी नेत्ररुग्णालयातून दाखला आणा. दाखला येईपर्यंत तुम्हाला टपाल विभागात बसवतो. पाकिटं चिकटवायला दृष्टी फारशी लागत नाही."

पत्रावर तारीख गुरुवारची होती. साडेनऊ वाजता. मी म्हणालो, "साहेब, शुक्रवार चालेल का?" साहेबांनी रुग्णालयात फोन लावला आणि पलीकडच्या कारकुनाचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला: "कार्यालयांच्या तपासण्या गुरुवारीच. इतर दिवशी आम्ही कार्यालयीन डोळे बघत नाही."

बुधवारी मी दिवसभर दोन हजार पत्रकांत हातानं 'न' घातला. शेवटच्या पाचशेला सगळा विभाग मदतीला बसला. शाईची दौत प्रत्येक जण माझ्या हाताशी, अगदी बोटांना लागेल अशी ठेवत होता.

गुरुवारचा हिशेब मी असा मांडला होता: ग्रहण सुरू होणार दहा वाजून बारा मिनिटांनी, सर्वांत मोठं अकरा चौतीसला. रुग्णालय घरापासून बसनं पंधरा मिनिटं. आठलाच जाऊन रांगेत पहिलं उभं राहायचं, दहाला मोकळं व्हायचं, साडेदहाला गच्चीवर. भिंगरी दारापर्यंत सोडायला आली. "बाबा, शब्द," ती म्हणाली. मी पिशवी सावरली आणि धावतच निघालो.

पहिलं उभं राहायची कल्पना आणखी सव्वीस जणांना आधीच सुचली होती. बाकावर शेजारच्या आजोबांनी विचारलं, "तुमचा नंबर किती?"

"सत्तावीस," मी चिठ्ठी बघून सांगितलं.

"अरे देवा!" ते म्हणाले आणि सरकून मला जास्तीची जागा दिली. "माझा तर साधा तीन आहे."

दहा वाजले. दहा बारा झाले. बाहेर ग्रहण सुरू झालं आणि आत अजून एकोणिसावाच नंबर चालू होता. मी उठलो, बसलो, पाणी प्यायलो, पुन्हा उठलो. पिशवीतल्या पुठ्ठ्याला हात लावून पाहिला. दाराशी जाऊन रस्त्यावरचा उजेड कमी झालाय का ते पाहिलं. सिस्टरनं दोनदा सांगितलं, "काका, फिरू नका, बाकीच्यांना चक्कर येते."

साडेदहाला आत गेलो. लांबच्या तक्त्यावरची अक्षरं मी खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली, शिवाय तक्त्यातला 'ळ' जरा तिरका बसलाय हेही सांगितलं. सिस्टरनं मग जवळून वाचायचं कार्ड हातात दिलं.

"हात लांब करू नका."

"मी हात लांब केला नाही. आपोआप होतोय."

"शेवटची ओळ वाचा."

मी वाचली. अगदी न अडखळता. सिस्टरनं कार्ड फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे इथं लिहिलेलंच नाहीये. पण वाक्य छान केलंत."

तेव्हा मला कळलं. गेलं वर्षभर मी बारीक अक्षर वाचतच नव्हतो. तिथं काय असायला हवं ते मला इतकं पाठ होतं की डोळे थांबले तरी डोकं पुढे वाचत होतं. तो 'न' मला स्पष्ट दिसला होता, कारण तो तिथं असायलाच हवा होता. घरी, ऑफिसात मी कागद हातभर लांब धरत होतो आणि दोष दिव्याला देत होतो. मी मान खाली घालून बसलो. त्या घटकेला मला फार एकटं वाटलं.

"मान वर," सिस्टर म्हणाली, आणि दोन्ही डोळ्यांत थंड काहीतरी पडलं. एकवीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं, त्यामुळे मी हू की चू केलं नाही. "बाहुल्या मोठ्या करायचं औषध आहे. आता तीन-चार तास उजेड सोसणार नाही. हा काळा चष्मा लावा. आणि आज वर बघायचं अजिबात नाही."

"माझ्याकडे चौदा नंबरची काच आहे!"

"चाळीस नंबरची असली तरी नाही. बाहुल्या उघड्या आहेत तुमच्या. दार सताड उघडं ठेवून चोराला कुलूप दाखवल्यासारखं होईल."

"पण हे आधी सांगायचं ना! मी मुलीला शब्द दिलाय."

"आणि मी डॉक्टरांना," सिस्टर म्हणाली. "बारा वाजता ते आतून डोळे तपासतील. तोवर अंधाऱ्या खोलीत बसा." मग पायांचे आवाज आले, कोणीतरी जिन्यावरून ओरडलं, "चला लवकर, अर्ध्याच्या वर गेला!" आणि सगळं नेत्ररुग्णालय ग्रहण बघायला गच्चीवर गेलं. खाली आम्ही नऊ जण उरलो, डोळे मिटून भिंतीला टेकून बसलेले.

मला घड्याळ दिसत नव्हतं. शेजाऱ्याला विचारावं तर त्यालाही दिसत नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं ते अंगावर काटा आणणारं होतं: काच माझ्या पिशवीत आहे. मी बघणार नाही ते नाहीच, पण माझ्यापायी तीही बघणार नाही. बेचाळीस वर्षं. आपण किती हलकट माणूस आहोत असं मला वाटलं. मी भिंत चाचपत दाराकडे निघालो. फोन कुठे आहे, बस कुठे थांबते, काही दिसत नव्हतं. एका खुर्चीला मी "जरा बाजूला व्हा" असंही म्हणालो.

"बाबा!"

ती धावत आली ती माझ्या पोटावरच आदळली. मागून बायकोचा आवाज, धापा टाकत: "काच पिशवीत घेऊन आलात! अकरा वाजेपर्यंत वाट बघितली, मग म्हटलं, ग्रहण काही घरपोच येत नाही." मग ती थांबली. बहुधा तिनं माझा चष्मा पाहिला. "हे काय झालं?"

"काही झालेलं नाही," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला. एरवी ती रस्त्यात हात धरत नाही. पुढे भिंगरी, मध्ये काळा चष्मा लावलेला मी, मागे बायको, असे आम्ही रुग्णालयाच्या अंगणात आलो. चार दिवस लोक जे बोलत होते ते मी भर रस्त्यासमोर सिद्ध करून दाखवलं. फाटकापाशी कोणीतरी हळहळलं, आवाज चष्मेवाल्यासारखा वाटला. मी लक्ष दिलं नाही.

"अकरा एकोणतीस," बायको म्हणाली.

मी सूर्याकडे पाठ करून उभा राहिलो, डोळे घट्ट मिटले, भिंगरीला समोर, माझ्याकडे तोंड करून उभं केलं, आणि पुठ्ठ्याचा मुखवटा दोन्ही हातांनी तिच्या चेहऱ्यावर दाबून धरला. कुठून एवढासाही उजेड आत जाऊ नये म्हणून बोटांनी कडा चाचपल्या. तिचे श्वास माझ्या मनगटावर लागत होते. "आता वर बघ. काढलास तर याद राख."

ती गप्प झाली. भिंगरी जागेपणी गप्प झालेली मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"दिसलं?"

"हो. बाबा, खूप सुंदर—"

"सुंदर नको," मी म्हणालो. छापखान्यात मोठं काम आलं की दोघं बसतात. एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचतो, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसरा ऐकतो. वाचणाऱ्यानं पदरचं घालायचं नसतं. "तू वाच. जे आहे तेवढंच वाच. मी ऐकतो."

"हिरवा आहे."

"सूर्य?"

"हिरवागार. बारका. शर्टाच्या बटणाएवढा. पण बटण गेलंय. कापलेल्या नखाएवढंच उरलंय."

"टोकं कुठे?"

"वर. नाही, जरा तिरकी. डावं टोक लांब आहे. उजवं तुटल्यासारखं."

"कडा?"

"धारदार. आतली कडा जास्त."

माझ्या पाठीवरचं ऊन पातळ झालं होतं, शर्टाच्या आत गार लागत होतं. मला सगळं नीट बसवायचं होतं. बटण, नख, तिरकी टोकं. "पुन्हा वाच," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

"पुन्हा कसं वाचू?" ती रडवेली झाली. "ते हललं पण! आता डावं टोक आखूड झालं!"

खरंच की. आमच्या धंद्यात ओळ तिथंच थांबते, शंभर वेळा वाचा. मला एकदम भरून आलं. डोळ्यांत औषध होतं म्हणून कोणाला वेगळं कळलं नसेल. "बरं," मी म्हणालो. "मग पुढचं वाच."

ती वाचत राहिली. मग बायकोची पाळी आली. तिनं बराच वेळ काहीच वाचलं नाही. शेवटी फक्त "अहो," म्हणाली, आणि माझ्या हातांवर आपले हात ठेवले.

शुक्रवारी मी नवा चष्मा लावून साहेबांसमोर उभा राहिलो. दाखल्यावर लिहिलं होतं: दूरची दृष्टी उत्तम, जवळचा नंबर पावणेदोन, चष्मा लावून पूर्ववत कामावर रुजू होण्यास हरकत नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला. "पावणेदोन? मग चौदा कुठे गेला?" असं स्वतःशीच पुटपुटले. मग दाखला फाइलला लावला, खुर्चीत मागे टेकले आणि मोकळेपणानं म्हणाले, "चला, सुटलात. काल ग्रहण पाहिलंत की नाही?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "ऐकलं. अगदी स्पष्ट."

साहेबांनी सावकाश पेनाचं टोपण काढलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

कानाच्या तपासण्या सोमवारी असतात, असं कळलं.